पाहुणीला फुगा नसतो

वेड दार वाजवून येतं, असं माझ्या दादाचं म्हणणं होतं. पिंजारलेले केस, तांबारलेले डोळे, हातात कवटी हे चित्र, त्याच्या मते, ज्यांच्याकडे ते कधी आलेलंच नाही अशा लोकांनी काढलेलं आहे. खरं वेड चपला बाहेर काढतं, पायपुसण्यावर पाय पुसतं, पडदे छान आहेत म्हणतं आणि मग अगदी संकोचून विचारतं, "थोडे दिवस राहिले तर चालेल ना?"

या म्हणण्यातून आमच्या चित्रकथेतली पाहुणी जन्माला आली. चित्रकथा पाक्षिक होती, बत्तीस पानांची. तिच्यात सात वेशींचं एक राज्य, एक म्हातारी राणी, उडते घोडे, बोलक्या विहिरी अशी सगळी नेहमीची सामग्री होती. त्या गर्दीत ही एक पन्नाशीची बाई. निवृत्त शिक्षिकेसारखी दिसायची. अंगात गुडघ्याखाली येणारा कोट, त्याची बटणं एका काजाने चुकलेली, आणि हातात दोरीने बांधलेली पेटी. ती कोणाच्याही घरी उतरायची. तिला हाकलता येत नसे आणि मारताही येत नसे. सेनापतीने एकदा तिच्यावर तलवार उपसली, तर तिने ती हातात घेऊन पाहिली, "धार छान ठेवलीत हो," म्हणाली आणि परत दिली. पुढचे चार अंक सेनापती घोड्याला सॅल्यूट ठोकत होता.

कथा दादा लिहायचा, चित्रं वहिनी काढायची, अक्षरं मी. घरातल्या तीन माणसांनी एकत्र काम केलं की त्याला कुटुंबाचा व्यवसाय म्हणतात. आमच्या वडिलांनी त्याला शेवटपर्यंत पोरखेळ म्हटलं.

मी अक्षरकार. म्हणजे पात्रांच्या तोंडचे शब्द आणि त्या शब्दांभोवतीचा फुगा माझा. लोकांना वाटतं, आधी फुगा काढायचा आणि मग त्यात शब्द भरायचे. तसं करणारे लवकरच दुसऱ्या धंद्याला लागतात. आधी अक्षरं काढायची, ती वाळू द्यायची आणि मग त्यांच्या मापाचा फुगा बेतायचा. शिंप्यासारखं आहे, फक्त गिऱ्हाईक तक्रार करत नाही.

पाहुणीसाठी दादाने एक नियम केला होता. तिच्या बोलण्याला फुगा नाही. तिचे शब्द चित्रात मोकळे सोडायचे, भिंतीवर, आभाळावर, जिथे जागा मिळेल तिथे. ती ज्याच्याकडे उतरली असेल त्याचाही फुगा जायचा, आणि ती गेली की परत यायचा. हा नियम आम्ही कुठेही छापला नव्हता. मुलांना तो तिसऱ्या अंकात कळला. आमच्या संपादकांना अकराव्या. प्रत्येक गोष्ट त्यांना तातडीने लागायची म्हणून आम्ही त्यांना तातडीसाहेब म्हणायचो, अर्थात त्यांच्या पाठीमागे.

आणि पाहुणी बोलायची काय! "तुमच्या खिडकीला आज बरं नाहीये. तिला जरा घरात बघू द्या, रोज बाहेर बघून डोळे दुखतात तिचे." किंवा, "जिन्यादेखत पायऱ्या मोजू नका. त्याला वाटतं, आपल्याला विकायला काढलंय." दादा हे चहा पिता पिता बोलायचा, मी पाठकोऱ्या कागदावर उतरवून घ्यायचो आणि वहिनी हसून हसून ब्रश खाली ठेवायची. वहिनीला तो चार आवाजांत हाक मारायचा. राणीच्या, घोड्याच्या, विहिरीच्या आणि पाहुणीच्या. विहिरीच्या आवाजासाठी न्हाणीघरात जाऊन बादलीत तोंड घालायचा. आमच्या खालच्या मजल्यावर शिलाई मशीन दुरुस्त करणारा होता, त्याने एकदा वर येऊन विचारलं होतं, "नळाचं काही काम निघालंय का?"

मग पाहुणी आमच्याकडेच उतरली.

ते सविस्तर सांगण्यासारखं नाही, आणि चित्रकथेत तर मुळीच बसणारं नाही. एक दिवस दादाने घरातली सगळी दारं बिजागऱ्यांतून काढून बाल्कनीत रचली. दारं दुखतायत, म्हणाला. त्यांना वर्षानुवर्षं एकाच बाजूला वळवून त्यांच्या पाठी गेल्यात. दुसऱ्या दिवशी तो घरातून निघून गेला. पाचव्या दिवशी तो सापडला, दुसऱ्याच एका गावात, कोर्टाबाहेरच्या बाकावर, अनवाणी. तळव्यांची जी अवस्था होती ती मी पाहिली नाही. वहिनीने पाहिली. तिने ते धुतले.

दोन महिने इस्पितळ झालं. तिथल्या डॉक्टरीणबाई नेमकं बोलणाऱ्या होत्या. घरी सोडताना म्हणाल्या, "गोळी रोज, न चुकता. बंद केली तर हे पुन्हा होणार. आणि पुढच्या खेपेला ते परत येतील की नाही, याची हमी मी देऊ शकत नाही."

दादा घरी आला. दारं परत बसली, एक सोडून सगळी नीट लागतात. त्याचं वजन वाढलं, हात किंचित थरथरायला लागला. नऊ वाजता झोपायचा आणि सहाला उठायचा. त्याला एका ग्रंथालयात काम मिळालं, पुस्तकांच्या पाठीवर नंबरांच्या चिठ्ठ्या चिकटवायचं. सरळ चिकटवायचा. सगळे म्हणायचे, किती छान सुधारला! खरंच सुधारला होता. फक्त पाहुणी जाताना पेटीत काय काय भरून घेऊन गेली, ते हळूहळू लक्षात यायला लागलं. वहिनीला आता एकच हाक होती, "अगं." चहाचं विचारायला, पाहुणे आल्याचं सांगायला, सगळ्याला तीच. वहिनी लगेच "ओ" द्यायची. पण हाक संपल्यावरही ती क्षणभर कान देऊन उभी राहायची, जसं आपण पायऱ्या संपल्यावर अंधारात आणखी एक पायरी शोधतो.

कथा लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण दुसरं कोणी नव्हतं. पाहुणीच्या तोंडी माझं पहिलं वाक्य होतं, "मी आहे वेड! माझ्या विळख्यातून आजवर कोणीही सुटलेलं नाही!"

वहिनीने ते वाचलं. "भाऊजी, ही विमा विकतेय का?"

"धमकी आहे ती, वहिनी."

"हो, तेच."

वाचकांची पत्रंही यायला लागली. एका मुलीने काळजीने विचारलं होतं, "पाहुणीची तब्येत बरी नाही का? ती हल्ली पूर्ण वाक्यं बोलते." खप उतरला. तातडीसाहेबांनी जाहीर केलं की आता दोन अंक काढायचे आणि दुकान बंद करायचं. शेवटच्या अंकात पाहुणी राज्यातून कायमची जाईल.

त्या दोनातल्या पहिल्या अंकात माझ्या हातून चूक झाली. शेवटच्या चौकटीत वेशीवरचा पहारेकरी म्हणतो, "कोण आहे तिकडे? या, बसा." जागा उरली होती म्हणून घातलेलं वाक्य. अक्षरं काढली, वाळायला ठेवली, आणि दादाला डॉक्टरीणबाईंकडे न्यायची वेळ झाली. परत आलो, पानं गोळा केली, छापखान्यात दिली. पहारेकऱ्याचा फुगा राहिला तो राहिलाच.

अंक बाजारात गेला आणि चौथ्या दिवशी तातडीसाहेबांचा फोन. "अहो, काय डोकं चालवलंय! ढिगाने पत्रं येतायत. पहारेकरी! ज्याने तिला आत सोडायचं नाही, त्याच्याच खोलीत ती उतरलीय! पोरं वेडी झालीयत. हे तुमच्या दादाचंच डोकं ना?"

मी पाच सेकंद प्रामाणिकपणाचा विचार केला. मग म्हणालो, "हो."

"मला वाटलंच! शेवटची आठ पानं त्यांच्याकडूनच हवीत. तातडीने."

संध्याकाळी दादाने तो अंक हातात घेतला. आजारानंतर पहिल्यांदाच. पलंगाच्या कडेला बसून शेवटचं पान बराच वेळ पाहिलं.

"बारक्या, फुगा विसरलास?"

"विसरलो."

"नाही," दादा म्हणाला. "तू विसरलास, पण ती खरंच तिथे आहे. बघ ना त्याच्याकडे, रात्रभर उभा. एकट्या माणसाकडेच ती पहिल्यांदा जाते. तो दार राखतो, पण कोणापासून, हे दाराला कधी विचारलंय त्याने?"

मी मान वर केली. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला.

पुढचे सहा दिवस आमच्या घरात जत्रा होती. दादा बोलायचा, मी उतरवायचो. पहारेकऱ्याच्या खोलीत पाहुणी भाल्याला अंगाई म्हणते. कुलपाला विचारते, "इतकं तोंड मिटून कोणाचं नाव धरून ठेवलंयस?" पहारेकरी तिला आपलं एकुलतं एक पांघरूण देतो आणि स्वतः वेशीचा नकाशा पांघरतो. एक पान, दोन, चार, सहा. तिसऱ्या दिवशी न्हाणीघरातून, बादलीच्या आतून, वहिनीला हाक आली. वहिनीच्या हातात शाईची बाटली होती. ती तिने आधी नीट टेबलावर ठेवली, मग टेबलाला धरून खाली बसली आणि इतकी हसली की मला बाहेर जावं लागलं. खाली मशीनवाला जिन्यात उभा होता. "नळ परत बिघडला वाटतं," तो म्हणाला, आणि त्यालाही हसू येत होतं.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. दादाची गादी सकाळी चुरगळलेली नसे, हे मला चौथ्या दिवशी दिसलं. ग्रंथालयाच्या चिठ्ठ्या घरी यायला लागल्या होत्या. साखरेच्या डब्यावर एक नंबर, आरशावर एक, माझ्या चष्म्याच्या घरावर एक. मला मोजता येतं आणि दोन गोष्टी जोडताही येतात. पण वाक्यं येत होती. असली वाक्यं मला सात जन्मांत सुचली नसती. मी मनाशी म्हटलं, अजून दोनच पानं. संपादक म्हणतात तसंच मी म्हटलं. फक्त ते निदान दुसऱ्याच्या भावाबद्दल म्हणतात.

सातव्या दिवशी, दुपारी दोनच्या सुमाराला, वहिनीने मला हाक मारली. ती खिडकीजवळ उभी होती, हातात ब्रश धुवायची काचेची बरणी. पाणी काळं, आणि तळाशी पांढरा गाळ.

"मी पांढरा रंग वापरत नाही," ती म्हणाली. "पांढरं हवं तिथे कागद मोकळा सोडते. तुम्हाला माहीत आहे."

मला माहीत होतं.

दादा आतल्या खोलीतून आला. बरणी पाहिली, आमची तोंडं पाहिली. "दोन पानं राहिलीयत गं," तो म्हणाला. अगदी लहान आवाजात, पोटदुखीचं खोटं कारण सांगणाऱ्या मुलासारखं. "ती झाली की गोळी परत सुरू करणार होतो. शप्पथ."

मला वाटलं, वहिनी आता चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं.

"मला मंगळवारपासून माहीत आहे," ती म्हणाली.

आज शुक्रवार होता.

"मंगळवारी बरणी धुतली तेव्हा तळाला हेच होतं. मी ओतून टाकलं. बुधवारीही ओतून टाकलं. म्हटलं, एक दिवस. नंतर म्हटलं, अजून एक." तिने बरणी खिडकीत ठेवली. "काल तू मला घोड्याच्या आवाजात हाक मारलीस. तीन वर्षांनी. मी डॉक्टरांना फोन लावला होता, रिंग जात होती. तेवढ्यात तू हाक मारलीस आणि मी फोन ठेवला."

खालून मशीनची खटखट ऐकू येत होती.

"मला तू हवा होतास रे," वहिनी म्हणाली. "घरात आहेस, समोर बसतोस, जेवतोस. कृतघ्न आहे मी, दुसरं काय. लोकांची माणसं परतच येत नाहीत."

"मलाही हवाय," दादा म्हणाला.

"कोण?"

"मीच."

तो खुर्चीवर बसला. हात आता थरथरत नव्हता. खरं तर ते बरं लक्षण नव्हतं, पण दिसायला छान दिसत होतं. तो दाराकडे बघत होता, आतल्या खोलीच्या, नीट न लागणाऱ्या.

"एक सांगू का? रागावू नका," तो म्हणाला. "सकाळपासून ती म्हणतेय, दारं पुन्हा दुखायला लागलीत."

वहिनीचा चेहरा मी तीन वर्षांपूर्वी एकदा असा पाहिला होता. तिचे डोळे दादाच्या पायांकडे गेले, आणि दादाने तिला तिकडे बघताना पाहिलं. त्याने पाय खुर्चीखाली ओढून घेतले. मला वाटतं, ठरलं ते तिथेच. नंतर डॉक्टरीणबाईंनी बरंच समजावलं, गोळीचं माप बदललं, आठवडाभर रोज बोलावलं, माझी वेगळी खरडपट्टी काढली, आणि ते सगळं योग्यच होतं. पण ठरलं ते त्या खुर्चीखाली.

"पाणी दे," दादा म्हणाला.

वहिनीने पाणी आणलं, गोळी आणली. त्याने गोळी तळहातावर धरून पाहिली. "निरोप तरी धड द्यायला हवा होता तिला," म्हणाला. "माझ्याकडून काही राहिलं असेल तर माफ करा, एवढं तरी." मग त्याने गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायला आणि सवयीने ग्लास उपडा करून ठेवला. वहिनीने फोन उचलला. या वेळी तिने तो ठेवला नाही.

पंधरा दिवसांत दादा पुन्हा नऊला झोपायला लागला. "अगं" परत आलं. साखरेच्या डब्यावरची चिठ्ठी त्यानेच भिजवून काढली, कडेकडेने, डब्याला ओरखडा न उठवता. मी तातडीसाहेबांना फोन करून खरं सांगितलं, फुगा विसरल्याचंही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अंक महिनाभर उशिरा काढू." त्यांच्या तोंडून 'उशिरा' हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

सातवं पान मी लिहिलं. वाचण्यासारखं नाही, पण विमा नाही विकत. आठवं पान म्हणजे पाहुणीचं जाणं. त्यावर काय लिहायचं ते मी दादाला विचारलं. तो विचार करून म्हणाला, "मला आता ऐकू येत नाही रे. तुला येतं का?" मला कधीच आलं नव्हतं. शेवटी ठरलं की त्या पानावर शब्द नकोत. पूर्ण पानाची एकच चौकट. उघडं दार, त्यात पाठमोरी पाहुणी. माझ्या वाट्याला फक्त पानाचा आकडा होता.

वहिनी त्या कोऱ्या कागदासमोर तीन दिवस बसून होती. इतकी वर्षं तिने पाहुणीला येताना काढलं होतं, बसलेलं काढलं होतं, भाल्याशी बोलताना काढलं होतं. कायमची जाताना तिची पाठ कशी दिसते, ते तिला जमत नव्हतं. रविवारी सकाळी चहा झाल्यावर ती म्हणाली, "अरे, जरा उभा राहतोस का?"

तिने दादाला स्वतःचा लांब कोट घातला. वाढलेल्या पोटावर बटणं लागेनात, पण पाठीमागून चाललं असतं. माझी बॅग त्याच्या हातात दिली. जिन्याचं दार सताड उघडलं आणि त्याला उंबऱ्यावर, बाहेर तोंड करून, उभं केलं.

"एक पाय पुढे."

"हा?"

"दुसरा. हं. मान खाली नको घालूस."

मशीनवाला जिना चढत येत होता. त्याने दादाला बायकी कोटात, हातात बॅग घेतलेलं पाहिलं. "कुठे निघालात?"

"कुठे नाही हो," दादा म्हणाला. "निघताना कसं दिसतं, ते बघतायत."

"असं होय," मशीनवाला म्हणाला आणि आल्या पावली खाली गेला.

मी माझ्या टेबलाशी पानाचा आकडा काढून बसलो होतो. तिथून वहिनीचा कागद दिसत होता. पंधरा मिनिटांत चित्र आलं. दार आलं, बाहेरचा उजेड आला, खांद्यावरून थोडा घसरलेला कोट आला, पेटी धरलेल्या हाताची शीर आली. आजवरच्या तिच्या सगळ्या पानांत इतकं चांगलं पान झालं नव्हतं. त्यात आता काही करण्यासारखं उरलं नव्हतं, हे अक्षरकारालाही कळत होतं.

दादाचा हात थरथरायला लागला होता. त्याने बॅग या हातातून त्या हातात घेतली.

"झालं का गं?"

"नाही."

खालून मशीनची खटखट सुरू झाली, थांबली, परत सुरू झाली.

"आता वळू?"

"नको," वहिनी म्हणाली. "थांब अजून थोडं."

पेन्सिल तिने केव्हाच खाली ठेवली होती.